धुणं धुऊन झालं, पण वाळलं का?

(मासिक बैठकीत वाचून दाखवण्यासाठी आणि चर्चेसाठी पाठ)



पावसाळ्यातल्या बैठका म्हणजे पेरणीची घाई आणि ओल्या कपड्यांची तक्रार. "दोन दिवस झाले धुऊन, अजून दमटच आहेत," हे मी जवळपास प्रत्येक गटात ऐकते. सगळ्या हसतात आणि आपण वसुलीच्या विषयाकडे वळतो. पण याच दिवसांत बैठक संपल्यावर काही जणी मागे थांबून हळू आवाजात आणखी काही सांगतात. जांघेत खाज सुटते. पाळी झाल्यावर आग होते. कुणाच्या भावकीतल्या बाईला कपडे वाळत घालताना शॉक बसला. या वेगवेगळ्या तक्रारी वाटतात, पण बऱ्याचदा त्यांचा संबंध एकाच जागेशी असतो. ती जागा म्हणजे आपली कपडे वाळत घालायची दोरी.

आपल्यातल्या बहुतेक घरांत वॉशिंग मशीन नाही. असलं तरी लाइट आणि पाणी एका वेळी मिळत नाही. म्हणून धुणं हातानंच होतं, आणि त्यात आपली सगळी ताकद घासण्या-आपटण्यात जाते. वाळवायची वेळ येईपर्यंत कंबर मोडलेली असते, स्वयंपाकाला उशीर झालेला असतो, मग जागा मिळेल तिथं कपडे टाकले की सुटलो. या पाठात एवढंच सांगायचं आहे: घासायला कमी जोर लावा आणि वाळवण्याकडे जास्त लक्ष द्या. धुणं मोरीत संपत नाही. कपडा कोरडा होऊन त्याची घडी पडली की मगच ते संपतं.

१. घासण्याआधी भिजवा

पावडर कपड्यांवर भुरभुरवू नका. आधी बादलीत पाणी घ्या, त्यात पावडर पूर्ण विरघळवा, मग कपडे बुडवा. अर्धा तास पुरे. तेवढ्यात मळ सुटा होतो आणि घासायचं काम फक्त कॉलर, बाह्यांची टोकं, पँटचे पाय आणि परकराचा घेर एवढ्यावरच राहतं. रात्रभर भिजवलं म्हणजे जास्त स्वच्छ होतं असं नाही. सुटलेला मळ पुन्हा कपड्यावर बसतो आणि पावसाळ्यात आंबूस वास धरतो तो वेगळाच.

क्रम असा ठेवा. आधी पांढरे, मग फिक्या रंगाचे, मग गडद, शेवटी शेतातले चिखलाचे. एकाच साबणाच्या पाण्यात या क्रमानं धुणं होतं, पावडर वाचते. चिखलाचे कपडे आधी साध्या पाण्यातून काढून घ्या. नवीन रंगीत कपडा पहिले दोन-तीन वेळा वेगळाच भिजवा.

फेस जास्त म्हणजे कपडा स्वच्छ, हा समज सोडून द्या. जास्त पावडर टाकली की ती काढायला जास्त पाणी लागतं. कपड्यात राहिलेली पावडर अंगाला खाजते, विशेषतः लहान लेकरांना.

२. दहा लिटर पाण्याचा हिशोब

ज्या गावात टँकर येतो किंवा हंडे डोक्यावरून आणावे लागतात, तिथं हा हिशोब नीट समजून घ्या. आपण गटाचं व्याज काढतो, त्यापेक्षा हे सोपं आहे.

धुतलेल्या कपड्यांत पिळल्यावरही समजा २ लिटर साबणाचं पाणी राहिलं.

पहिली पद्धत: त्यावर एकदम १० लिटर पाणी घेतलं, खळबळलं आणि पिळलं. कपड्यात आधीच्या साबणाचा सहावा हिस्सा राहतो.

दुसरी पद्धत: तेच १० लिटर पाणी ५-५ लिटर असं दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा नीट पिळलं. आता साधारण बारावा हिस्साच राहतो.

पाणी तेवढंच, पण साबण निम्मा उरला. आणि कपडे न पिळताच खळबळायला टाकले तर? समजा ५ लिटर साबणाचं पाणी कपड्यात तसंच राहिलं. त्यात एकदम १० लिटर ओतलं तरी तिसरा हिस्सा साबण आतच राहतो. म्हणून पाणी कमी असेल तेव्हा पिळणं सगळ्यात महत्त्वाचं.

चादर, गोधडी, लुगडं एकटीनं पिळू नका. ओली गोधडी उचलताना कंबरेत उसण भरते. दोघींनी दोन टोकं धरून उलट दिशेला पीळ द्यावा.

शेवटच्या खळबळण्याचं पाणी जवळपास स्वच्छ असतं. ते दुसऱ्या दिवशीच्या भिजवण्याला, फरशी पुसायला किंवा संडासला वापरा. साबणाचं पाणी दारात साचू देऊ नका, शोषखड्ड्यात सोडा. शोषखड्डा नसेल तर केळी-अळूला चालतं, पण रोज एकाच झाडाला नको आणि पालेभाजीवर तर नकोच.

३. फेस का येत नाही?

बोअरचं पाणी बऱ्याच गावांत जड असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्या क्षारांशी मिळून चिकट पांढरी साय धरतो, ती कपड्यावर बसते, पांढरे कपडे करडे पडतात आणि टॉवेल खरखरीत होतो. आपल्याला वाटतं साबणच खराब.

बैठकीत हा प्रयोग करून बघा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचं पाणी, दुसरीत बोअरचं, दोन्ही अर्ध्या भरा. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच किस टाका आणि हलवा. पावसाच्या पाण्याला लगेच फेस येईल. दुसऱ्या बाटलीत फेस कमी आणि पाणी गढूळ दिसलं तर तुमचं पाणी जड आहे.

उपाय सोपा आहे. किराणा दुकानात धुण्याचा सोडा मिळतो. भिजवायच्या बादलीत आधी चहाचा एक चमचा सोडा विरघळवा, मग पावडर टाका. पावडर कमी लागेल. पण सोडा रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना नको, आणि हाताला भेगा असतील तर काम झाल्यावर हात धुऊन तेल लावा. हा सोडा खाण्याचा नाही, डबा वेगळा ठेवा आणि लेकरांच्या हाती लागू देऊ नका. पावसाळ्यात पत्र्यावरून येणारं पाणी पहिल्या एक-दोन पावसांनंतर पिंपात धरलं तर धुण्याला त्यासारखं पाणी नाही.

४. ऊन नसताना वाळवायचं कसं?

कपडा वाळायला ऊन लागतं असं आपण म्हणतो. खरं तर वारासुद्धा तेवढंच काम करतो. ढगाळ दिवशी वारा असेल तर कपडे वाळतात आणि वारा नसलेल्या बंद खोलीत दोन दिवस दमट राहतात. म्हणून:

- दोरी अशा ठिकाणी बांधा जिथं वारा आरपार जातो. पडवी, ओसरी, गच्चीवरचं पत्र्याचं छप्पर चालेल, भिंतीला चिकटून नको.
- दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा. एकावर एक टाकलेले दोन कपडे एका कपड्याच्या जागेत मावतात, पण दोन्ही ओलेच राहतात.
- टांगण्याआधी झटका. जाड कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला की बरंच पाणी निघून जातं.
- परकर आणि सलवार नेफा उघडा ठेवून टांगा. शर्ट उलटा करून खालच्या कडेनं टांगा. रंगीत कपडे उलटे करा, रंग उडत नाही.
- चुलीवर किंवा गॅसजवळ कपडे टांगू नका. धुराचा वास लागतो आणि आगीचा धोका असतो.

दोरीवर जागा कमी असेल तर आधी कुणाचे कपडे? बहुतेक घरांत पुरुषांचे शर्ट-पँट उन्हात आणि आतले कपडे कोपऱ्यात. हे उलटं करा. चांगल्या जागेचा पहिला मान आतल्या कपड्यांना, लेकरांच्या लंगोटांना, टॉवेलला आणि पाळीच्या कापडाला. हेच कपडे अंगाला घट्ट चिकटतात. ते दमट राहिले तर नायटा, गजकर्ण वाढतं, कारण ती बुरशी आहे आणि बुरशीला ओल लागते. एकाचा टॉवेल दुसऱ्यानं वापरू नये. नायटा झालाच तर मेडिकलमधून मनानं ट्यूब आणू नका. काही मलमांत स्टेरॉइड असतं, त्यानं खाज थांबते पण नायटा पसरतो.

खरूज झाली असेल तर औषध लावायच्या दिवशीच घरातल्या सगळ्यांचे वापरलेले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यानं धुऊन उन्हात कडक वाळवा. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा.

वाळलं की नाही हे हातानं नेहमी कळत नाही. नेफा, खिसा आणि इलॅस्टिक गालाला लावून बघा. गार लागलं तर अजून ओल आहे. असा एकच कपडा पेटीत गेला तर बाकीच्या घड्यांनाही कुबट वास येतो आणि काळे ठिपके पडतात.

५. लोखंडी तार काढा

हा भाग वाचताना कृपया कुणी मधे बोलू नका, आधी पूर्ण वाचून घ्या.

दर पावसाळ्यात आपण बातमी वाचतो: कपडे वाळत घालताना बाईला शॉक बसला. सोडवायला धावलेलं घरातलं माणूसही गेलं. हे होतं कसं? आपण कपड्यांसाठी लोखंडी तार बांधतो. तारेचं एक टोक पत्र्याच्या शेडला किंवा लोखंडी अँगलला असतं. त्याच पत्र्यावरून बल्बची, पंख्याची किंवा मोटारीची वायर गेलेली असते. वायरचं आवरण घासून निघालेलं असतं. पावसात पत्र्यात करंट उतरतो, पत्र्यातून तारेत येतो. आपले हात ओले, कपडा ओला, पाय अनवाणी आणि जमीन ओली. वाचायला जागाच राहत नाही.

म्हणून आजच घरी जाऊन बघा:

- लोखंडी तार असेल तर काढा. नायलॉनची किंवा काथ्याची दोरी बांधा. खर्च फार नाही.
- दोरी विजेच्या खांबाला, खांबाच्या ताणाला, मीटरच्या पाइपला, पत्र्याला किंवा लोखंडी खिडकीला बांधू नका. लाकडी खांब किंवा भिंतीतली लाकडी खुंटी बरी. दोरी नायलॉनची असली तरी ओली झाल्यावर तिच्यातूनही करंट येऊ शकतो, म्हणून वायरपासून लांबच ठेवा.
- पत्र्यावरून किंवा दोरीच्या जवळून वायर जात असेल तर वायरमनकडून ती हलवून घ्या. घराला अर्थिंग आहे का ते विचारा. ईएलसीबी नावाचं स्विच बसवलं तर करंट गळायला लागताच लाइट बंद होते.
- पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर "थोडाच लागतो" म्हणून सोडू नका. मेन स्विच बंद करा. खांबावरची किंवा तुटलेल्या तारेची तक्रार असेल तर वीज कंपनीला १९१२ वर फोन करा.

कुणाला शॉक बसलाच, तर तिला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या फळीवर उभं राहून कोरड्या लाकडानं किंवा बांबूनं तिला तारेपासून ढकला. विजेच्या खांबावरची तार पडलेली असेल तर मात्र जवळही जाऊ नका, लाइट बंद करून घेईपर्यंत लांबच थांबा. लगेच १०८ वर फोन करा. जीव तुटतो, धावावंसं वाटतं, हे खरं. पण असं धावण्यानंच एका घरातले दोन जीव जातात. हे लेकरांना आणि सासूबाईंनाही समजावून सांगा.

६. लपवून वाळवलेलं कापड

काही गटांत मी विचारलं, पाळीचं कापड कुठं वाळवता? आधी सगळ्या एकमेकींकडे बघतात. मग उत्तरं येतात. साडीच्या खाली. न्हाणीच्या कोपऱ्यात. गोठ्यात. पेटीमागं. एका मावशींनी तर सांगितलं, "वाळवत नाही गं पोरी, तसंच गुंडाळून ठेवते, पुढच्या महिन्याला काढते."

पापड-कुरडयांचं वाळवण आपण कुठं घालतो? गच्चीवर, कडक उन्हात, कावळ्यांना हाकलायला कुणाला तरी बसवून. आणि जे कापड शरीराच्या सगळ्यात नाजूक जागी लागतं, त्याला घरातला सगळ्यात अंधारा कोपरा.

कापड वापरणं वाईट नाही. स्वच्छ सुती कापड आणि पॅड दोन्ही चालतात. वाईट आहे ते ओलं, कुबट कापड वापरणं. ओलीत जंतू आणि बुरशी वाढते, त्यातून खाज, आग, वास, अंगावरून जाणं असा त्रास होऊ शकतो. पद्धत अशी ठेवा:

- आधी थंड पाण्यात अर्धा तास भिजवा. गरम पाणी आधी टाकलं तर रक्ताचा डाग पक्का बसतो.
- साबणानं धुवा आणि लाल पाणी येणं पूर्ण थांबेपर्यंत खळबळा.
- उघड्यावर, थेट उन्हात वाळवा. त्यावर साडी पसरू नका. फारच संकोच वाटत असेल तर गच्चीवर किंवा परसात वेगळी छोटी दोरी बांधा, पण ऊन-वारा लागलाच पाहिजे.
- सलग पाऊस असेल तर वाऱ्यावर वाळवून दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवा.
- पूर्ण कोरडं झाल्यावर स्वच्छ कापडी पिशवीत ठेवा. एकीचं कापड दुसरीनं वापरू नये, मायलेकींनीही नाही.
- दर चार ते सहा तासांनी बदला. शेतात जाताना एक जादा कापड आणि एक प्लॅस्टिकची पिशवी सोबत ठेवा.

खाज, आग, घाण वास, दह्यासारखं किंवा पिवळं पाणी जाणं, ओटीपोटात दुखणं, यातलं काही असेल तर आशाताईंना सांगा आणि उपकेंद्रात दाखवा. अंगावर काढू नका.

"दोरीवर बघून लोक काय म्हणतील?" हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: एकीच्या दोरीवर दिसलं तर बोलतील. पूर्ण गल्लीच्या दोरीवर दिसलं तर चार दिवसांत गप्प बसतील. आपण गट केला तेव्हाही लोक बोललेच होते.

७. फवारणीचे कपडे वेगळे

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, अनेक जण दगावले. तेव्हा मास्क, हातमोजे यांची चर्चा झाली. पण फवारणीचे कपडे घरी आल्यावर कोण धुतं? आपणच. ते औषध कपड्यातून आपल्या हाताला लागतं आणि सगळे कपडे एकत्र भिजवले तर लेकराच्या झबल्यालाही लागतं.

फवारून आलेल्या माणसानं कपडे बाहेरच काढून वेगळ्या बादलीत टाकावेत आणि लगेच अंघोळ करावी. ते कपडे त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, रबरी हातमोजे घालून किंवा हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून धुवा. आधी साध्या पाण्यातून काढा, मग साबणानं दोनदा धुवा, स्वतंत्र टांगून उन्हात वाळवा. ते पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदाजवळ टाकू नका. ती बादली परत दुसऱ्या कामाला वापरू नका. कपड्यावर औषध सांडून तो चिंब झाला असेल तर धुवायच्या फंदात पडू नका, तो टाकूनच द्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं हे काम करूच नये. ज्यानं फवारलं त्यानंच धुतलं तर सगळ्यात बरं.

८. हे काम कुणाचं?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, म्हणजे जवळपास पाच तास. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७ मिनिटं. या पाच तासांत आपलं धुणंही आलं. त्याचा पगार नाही, सुट्टी नाही, आणि गुडघे-कंबर झिजतात ती आपलीच.

सगळं एका दिवसात बदलणार नाही. पण तीन गोष्टी घरात मागता येतात. एक, अडीच फूट उंचीचा धुण्याचा ओटा, म्हणजे उभं राहून धुता येईल. दोन, चादरी-गोधड्या पिळायला आणि टांगायला घरातल्या पुरुषांनी यावं. तीन, दहा-बारा वर्षांच्या मुलानं आपले कपडे आपण धुवावेत, जसं आपण मुलीला शिकवतो तसंच. दोरी बांधायची जागासुद्धा घरात बसून ठरवा. घर बांधताना देवघर, गोठा, मीटर कुठं ते ठरतं. कपडे कुठं वाळणार हे कुणी विचारत नाही.

बैठकीत चर्चा करा

१. तुमच्या घरी कपड्यांची तार आहे की दोरी? ती कशाला बांधली आहे?
२. दोरीवरची चांगली जागा कुणाच्या कपड्यांना मिळते?
३. पाळीचं कापड उन्हात वाळवायला नक्की कशाची अडचण आहे: जागा, लाज की घरातलं माणूस?
४. फवारणीचे कपडे कोण धुतं आणि कुठं?

गटानं ठराव घ्या

- पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक सदस्याच्या घरची लोखंडी तार निघालेली असेल. अध्यक्ष आणि सचिव दोघींनी घरोघरी जाऊन बघावं आणि इतिवृत्तात नोंद करावी.
- गटानं नायलॉन दोरी घाऊक घेऊन सदस्यांना वाटून द्यावी, म्हणजे स्वस्त पडेल.
- आशाताईंना एका बैठकीला बोलवावं. किशोरवयीन मुलींनाही सोबत आणावं.
- जिथं वायर पत्र्यावरून गेली आहे अशा घरांची यादी करून ग्रामसंघामार्फत वीज कंपनीकडे आणि ग्रामपंचायतीकडे अर्ज द्यावा.

किती तारा निघाल्या आणि किती दोऱ्या बांधल्या, हा आकडा तुमच्या गटाच्या मासिक अहवालात लिहून पाठवा. सगळ्या गावांचे आकडे आपण पुढच्या अंकात छापू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक